व्हिसाच्या अर्जात लेकीचं बाळंतपण लपवू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते. वय ६१. राज्य सरकारच्या नोकरीतून लिपिक म्हणून निवृत्त झाले. यजमान काही वर्षांपूर्वी गेले. घरी सासूबाई आहेत, वय ८४. एकुलती एक मुलगी २०१९ पासून जर्मनीत म्युनिकला नोकरी करते, जावईही तिथेच आहेत. तिचं पहिलंच बाळंतपण आहे आणि डॉक्टरांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. ती म्हणते, आई, सहा महिने ये. अमेरिकेला गेलेल्या माझ्या मैत्रिणी सहा-सहा महिने राहून आल्या, मग मलाही जमेल असं वाटलं.

दादरच्या एका एजंटकडे गेले. तो म्हणतो, अर्जात बाळंतपण अजिबात लिहायचं नाही, त्यांना वाटतं बाई तिथेच राहणार. फिरायला जातोय असं लिहू, हॉटेलची बुकिंग मी काढून देतो. जर्मनीची तारीख मिळत नसेल तर फ्रान्सचा व्हिसा घेऊ, एकदा आत गेलं की कोण विचारतंय. खात्यात शिल्लक कमी दिसते, तर आठ दिवसांसाठी पाच लाख टाकून देतो म्हणाला. पासपोर्ट त्याच्याकडेच ठेवून आले आहे. मला पेन्शन चौतीस हजार मिळते, थोड्या ठेवी आहेत. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेल्यामुळे आम्ही भाड्याने राहतो, पासपोर्टवर मात्र जुनाच पत्ता आहे. शिवाय लग्नात माझं नाव बदललं होतं. नोकरीत आणि पासपोर्टवर माहेरचं नाव राहिलं, मुलीच्या जन्मदाखल्यावर सासरचं आहे. इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना धीर होत नाही. मी जाऊ शकेन ना? आणि पुढे तिच्याकडे कायमचं राहता येईल का, हेही ती विचारते.

– एक वाचक, विक्रोळी

उत्तर

ताई, लेकीचं आणि तुमचं मनापासून अभिनंदन. आता पहिलं काम सांगते. उद्या दादरला जा आणि पासपोर्ट ताब्यात घ्या. काम त्याला द्या किंवा देऊ नका, पासपोर्ट अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही एजंटला नसतो. त्याने टाळाटाळ केली तर सरळ पोलीस ठाण्यात तक्रार करते म्हणून सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही जाऊ शकाल का? पत्रात जे लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुमची बाजू चांगली भक्कम आहे. फक्त ती आहे तशी मांडायला हवी. तुमच्याकडे जाण्याचं खरं आणि कुणालाही पटेल असं कारण आहे, बोलावणारी कमावती लेक आहे, आणि परत येण्याची कारणंही आहेत. एजंट तुम्हाला हे सगळं लपवून त्या जागी खोटं उभं करायला सांगतोय. मला राग येतो तो याचाच. ज्या माणसाचे कागद खरोखर चांगले असतात, त्यालाच घाबरवून खोट्याच्या वाटेला लावायचं.

खोटं कुठे अडकतं ते बघा. समजा, फिरायला जातेय असं लिहून फ्रान्सचा व्हिसा मिळाला. तुम्ही म्युनिकच्या विमानतळावर उतरलात. तिथला अधिकारी विचारतो, कशासाठी आलात, कुठे राहणार, किती दिवस? व्हिसा फ्रान्सचा, अर्जात पॅरिसचं हॉटेल, ते बुकिंग एजंटने व्हिसा मिळताच रद्द केलेलं, बॅगेत झबली-टोपडी आणि बाहेर आठव्या-नवव्या महिन्यातली लेक उभी. तुम्ही घाबरून खरं बोललात तरी अर्जाशी ते जुळत नाही. अशा वेळी व्हिसा तिथल्या तिथे रद्द करून परत पाठवता येतं. आणि अर्जाच्या शेवटी जी घोषणा असते, दिलेली माहिती खरी आहे म्हणून, तिच्याखाली सही तुमची असते. एजंटची नाही.

फ्रान्सबद्दलचा नियम अगदी स्वच्छ आहे. शेंगेन म्हणजे सामायिक व्हिसा असलेला युरोपातल्या देशांचा गट. त्यात आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर या सगळ्यांत फिरता येतं हे खरं. पण अर्ज मात्र जिथे मुख्य मुक्काम आहे त्याच देशाकडे करायचा असतो. तुमचा सगळा मुक्काम म्युनिकला, म्हणजे अर्ज जर्मनीकडेच. तारीख सहज मिळते म्हणून दुसऱ्या देशाचं दार ठोठावलेलं त्यांच्या लक्षात येतं. शेंगेन देशांची व्हिसाची माहिती एकाच सामायिक यंत्रणेत असते. एका देशाने नकार दिला की तो दुसऱ्यालाही दिसतो, आणि ती नोंद पाच वर्षांपर्यंत राहते.

तर अर्जात कारण लिहायचं ते कुटुंबाची भेट. नातेवाइकांकडे जाण्यासाठी अर्जात तसा पर्याय असतोच. सोबत इंग्रजीत एक पानाचं पत्र जोडा. त्यात सरळ लिहा की मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, अमुक तारखेला जाते, अमुक तारखेला परत येते, राहणं मुलीच्या घरी, खर्च कोण करणार. लेकीकडून निमंत्रणाचं पत्र घ्या, त्यात तिचा पत्ता आणि तुमचं नातं असावं. तिच्या आणि जावयांच्या पासपोर्टची व तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत जोडा. जर्मनीत गरोदर बाईला एक तपासणीची पुस्तिका देतात, तिला मुटरपास म्हणतात. त्यातलं अपेक्षित तारखेचं पान किंवा तिच्या डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र पुरेसं आहे. सगळे रिपोर्ट पाठवायची गरज नाही, ती तिची खासगी बाब आहे.

पैशांचा प्रश्न तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतोय असं दिसतं, आणि तोच सुटायला सगळ्यात सोपा आहे. जर्मनीत पाहुण्याच्या खर्चाची कायदेशीर हमी देण्याची सोय आहे. त्या कागदाचं नाव फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. जावयांनी किंवा लेकीने म्युनिकच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन तो करायचा. तिथे त्यांचं उत्पन्न आणि घर तपासतात, २९ युरो फी असते आणि शिक्क्याचा कागद मिळतो. मूळ प्रत कुरिअरने तुमच्याकडे यायला हवी, मोबाइलवर आलेला फोटो चालत नाही. हा कागद हातात असला की तुमच्या खात्यात पाच लाख आहेत की पन्नास हजार, याला फारसं महत्त्व उरत नाही, कारण तुमचा खर्च उचलायची जबाबदारी त्यांनी कायद्याने घेतलेली असते. त्या कार्यालयाची वेळ मिळायला काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून जावयांना आज रात्रीच फोन करून सांगा. तुमच्या अख्ख्या तयारीत उशीर होण्यासारखी ही एक मोठी गोष्ट आहे.

आता तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटबद्दल. पाच लाख आठ दिवसांसाठी फिरवून घेणं म्हणजे काय दिसतं? वर्षभर खात्यात पेन्शन येते, किराणा-वीजबिल जातं, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक कुणा अनोळखी खात्यातून मोठी रक्कम. कागद तपासणारी माणसं दिवसभर हेच बघत असतात. अशी नोंद दिसली की चांगल्या पेन्शनवरही संशय येतो.

आणि इथे तुमच्याबाबत मला एक शंका आली. रिडेव्हलपमेंटमध्ये बरेच बिल्डर वर्षाचं भाडं एकदम देतात. तुम्हालाही तसं मिळालं असेल, समजा महिना बावीस हजार धरून २ लाख ६४ हजार, आणि ते याच काही महिन्यांत जमा झालं असेल, तर ती अगदी खरी रक्कमसुद्धा कागदावर त्या फिरवलेल्या पैशासारखीच दिसेल. म्हणून स्टेटमेंटवर त्या ओळीशेजारी पेन्सिलीने खूण करा आणि करारातलं भाड्याच्या कलमाचं पान मागे लावा. सोबतच्या पत्रात एक वाक्य पुरे: ही रक्कम विकासकाने पर्यायी निवासाच्या भाड्यापोटी दिली आहे. स्टेटमेंट किमान तीन महिन्यांचं लागतं, मी सहा महिन्यांचं द्या म्हणेन, बँकेच्या शिक्क्यासह. त्यात दर महिन्याला येणारी पेन्शन दिसते, आणि तीच तुमची खरी ताकद आहे. पेन्शनचा आदेश, ठेवींच्या पावत्या आणि प्राप्तिकराचं विवरणपत्र भरत असाल तर त्याच्या प्रती जोडा.

हाच रिडेव्हलपमेंटचा करार तुमच्या परतीचाही मोठा पुरावा आहे, हे एजंटच्या ध्यानातच आलं नाही. मुंबईत स्वतःच्या नावावर घर तयार होत असताना कुणी बाई ते सोडून परदेशात लपून राहत नाही. कराराची पानं सगळी जोडू नका, ते बाड कुणी वाचणार नाही. तुमचं नाव, नव्या घराचा आकार आणि सह्या असलेली पानं पुरेत. अर्जात पत्ता आत्ता जिथे राहता तोच लिहा. त्याला पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लावा आणि पत्रात सांगा की पासपोर्टवरची इमारत पुनर्विकासासाठी पाडली आहे. पासपोर्टवरचा पत्ता जुना आहे म्हणून व्हिसा अडत नाही. कारण न सांगता दोन ठिकाणी दोन पत्ते दिले की अडतं.

परतीच्या कारणांत सासूबाईंचाही उल्लेख करा. ८४ वर्षांच्या सासूबाई तुमच्याकडे राहतात, तुम्ही नसताना त्या कुणाकडे असतील, हे एका ओळीत येऊ द्या. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, ते तुमचं खरं आयुष्य आहे.

नावाचं काय? ताई, तुमच्या पिढीतल्या निम्म्या मराठी बायकांची ही अडचण आहे. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, घरात आणि दाखल्यांवर ते रुळलं, पण सर्व्हिस बुकात जुनंच राहिलं. आपल्याला हे कळतं, जर्मन अधिकाऱ्याला कसं कळणार? त्याला दिसतं ते एवढंच की अर्जदार एक बाई आहे आणि जन्मदाखल्यावरची आई दुसरीच. मग कुटुंबाची भेट हे कारणच डळमळतं. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावं असतील तर प्रश्नच मिटला. नसतील, आणि राजपत्रात नावबदल छापून घेतलेला नसेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा, त्यावर आईचं कुठलं नाव आहे ते. तिच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असतं, ते तुमच्या पासपोर्टशी जुळत असेल तर उत्तमच. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर हवं, तेही प्रमाणित. अर्जात जन्मावेळचं आडनाव विचारतात तिथे माहेरचं आडनाव लिहायला विसरू नका.

सहा महिन्यांबद्दल तुमची निराशा करावी लागतेय. अमेरिकेचं गणित युरोपला लागू होत नाही. शेंगेनचा पाहुण्यांचा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. उतरलात तो दिवस आणि निघालात तो दिवस, दोन्ही मोजले जातात. तुम्ही २० डिसेंबरला पोचलात तर फेब्रुवारी २८ दिवसांचा धरून १९ मार्च हा तुमचा नव्वदावा दिवस. त्या दिवशी युरोपची हद्द सोडलेली असायला हवी. त्यानंतर पुन्हा पूर्ण ९० दिवसांसाठी जायचं तर १८ जूनपासून, आणि तेव्हा चालू असलेला व्हिसा हातात हवा. तिथे गेल्यावर मुदत वाढवून घेऊ, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गंभीर आजारपणासारखं काही अनपेक्षित घडलं तरच वाढ मिळते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी यंत्रणा आली आहे. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन येण्या-जाण्याची नोंद संगणकात होते, त्यामुळे जास्तीचा एक दिवससुद्धा आपोआप उठून दिसतो.

व्हिसा हातात आला की त्यावरच्या तारखा नीट वाचा, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध. दुसरी म्हणजे मुक्कामाचे दिवस. वैधतेच्या मुदतीत प्रवास थोडा पुढे-मागे झाला तर अडचण नको म्हणून सहसा पंधरा दिवस जास्त धरलेले असतात. म्हणजे १०५ दिवसांची मुदत दिसेल आणि मुक्काम मात्र ९० दिवसच लिहिलेला असेल. राहायचं ते त्या ९० दिवसांपुरतंच. आणि मागितले ९० तरी ९०च मिळतील असं नाही, कमी दिले असतील तर परतीचं तिकीट त्यानुसार काढायचं. म्हणूनच आधी तिकिटाचे पैसे भरू नका. अर्जासोबत जायचं-यायचं आरक्षण दाखवलं की पुरतं.

मग सहा महिन्यांचं काय करायचं? तुमच्या लेकीशी बोलताना हे सांगा: ९० दिवस हे प्रत्येक माणसाचे स्वतंत्र असतात. तुम्ही मार्चमध्ये निघालात की तुमच्या विहीणबाई जाऊ शकतात, त्यांचे ९० दिवस त्यांचे. त्यांची तब्येत आणि इच्छा असेल तर त्यांनाही आत्तापासून तयारीला लावा. किती घरांमध्ये दोन्ही आज्यांनी अशी पाळी लावून बाळाचे पहिले सहा महिने सांभाळलेत. आणि लेक तिथे अगदी एकटी पडेल ही भीती थोडी बाजूला ठेवा. जर्मनीत नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे संरक्षित रजा असते. बाळाच्या बापालाही संगोपनाची रजा घेता येते. प्रशिक्षित सुईण घरी येऊन बाळाचं वजन, नाळ, आईचे टाके, अंगावर पाजणं हे सगळं बघते, आणि सरकारी आरोग्य विम्यात ते बसतं. चांगली सुईण मिळायला मोठ्या शहरांत वेळ लागतो, तेव्हा लेकीने ठरवली आहे का हे तेवढं विचारा.

तुम्ही कधी पोचावं यावर माझं मत असं, की दिलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी. पहिलटकरणीची तारीख बऱ्याचदा पुढे सरकते, आणि महिनाभर आधी गेलात तर वाट बघण्यातच तुमचे मोलाचे दिवस खर्ची पडतील. तुमचा खरा उपयोग नंतरच्या सव्वा महिन्यात आहे. डिसेंबरात निघण्याचा आणखी एक फायदा म्हणजे पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच देऊन होईल. तो राहिला तर पेन्शन थांबते, आणि तीच नेमकी तुमच्या स्टेटमेंटमधली आधाराची ओळ.

आता अर्जाची वाट. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण कागद मागितले तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतं. तुम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज द्या. जर्मनीचा वाणिज्य दूतावास नरिमन पॉइंटला आहे, पण तुम्हाला तिथे रांग लावायची नाही. दूतावासाच्या वतीने अर्ज घेणारी व्हीएफएस ग्लोबल ही खासगी कंपनी आहे, तिच्या मुंबईतल्या केंद्रात अर्ज घेतात. तारीख त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः घेता येते. एखादा दिवस भरलेला दिसला तर सकाळ-संध्याकाळ पुन्हा बघा, रद्द झालेल्या जागा परत दिसतात. तारीख विकणाऱ्याला पैसे देऊ नका. फी ९० युरो, रुपयांत भरायची, आणि केंद्राचा सेवा आकार वेगळा. नकार आला तरी ती परत मिळत नाही. दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, ते ५९ महिने चालतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

इंग्रजीची काळजी करू नका. केंद्रातली माणसं कागद मोजून घेतात, निर्णय त्यांच्या हातात नसतो आणि ती परीक्षाही घेत नाहीत. दूतावासाला काही विचारायचं असलं तर बोलावतात, पण ते प्रत्येकाला नाही. बोलावलंच तर लहान वाक्यांत खरं सांगा. मुलीची बाळंतपणाची तारीख, जायची तारीख, यायची तारीख. पाठ केलेलं काही लागत नाही. खरं कारण लिहिलेल्या माणसाला हीच मोठी सोय असते.

विमा मात्र मन लावून घ्या. कमीत कमी ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरून, ही अट आहे. स्वस्त पॉलिसी ही अट भागवते, पण तुमच्या वयाला ते पुरेसं नाही. रक्तदाब, मधुमेह असं काही असेल तर विम्याच्या अर्जात ते सांगा आणि आधीपासूनच्या आजारावर काय मिळतं ते कलम वाचा, बहुतेकदा अगदी जिवावर बेतल्याशिवाय काही मिळत नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी आणि औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव, हे हातातल्या पिशवीत असू द्या.

नकार आलाच तर काय, हेही सांगते, कारण एजंट त्याचीच भीती दाखवतात. नकाराच्या कागदावर ठरावीक कारणांपैकी ज्यावर खूण असेल ते वाचा. मुक्कामाचा उद्देश पटला नाही आणि परत येण्याबद्दल शंका आहे, ही दोन नेहमी दिसतात. जर्मनीने दूतावासाकडे फेरविचार मागण्याची पद्धत १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. आता बर्लिनच्या न्यायालयात जायचं किंवा नव्याने अर्ज करायचा. तुमच्यासारख्या प्रकरणात नवा अर्ज हाच व्यवहार्य मार्ग आहे, ज्या कारणावर खूण आहे त्याचाच कागद जास्तीचा लावून. ऑक्टोबरात अर्ज द्या म्हणते ते यासाठीही. दुसऱ्या अर्जाला वेळ उरतो.

लेकीने कायमचं राहण्याबद्दल विचारलं आहे. आई-वडिलांना तिथे नेण्याचे जर्मनीचे नियम कडक आहेत. मार्च २०२४ पासून कुशल नोकरदारांच्या आई-वडिलांसाठी एक वाट उघडली आहे, पण ज्यांना कुशल नोकरदार म्हणून राहण्याचा परवाना १ मार्च २०२४ ला किंवा नंतर पहिल्यांदा मिळालेला आहे त्यांनाच. तुमची लेक २०१९ पासून तिथे नोकरीत आहे, तेव्हा तिला हे लागू होण्याची शक्यता कमी. जावयांचा परवाना कधीचा आहे ते बघा. ही वाट लागू झाली तरी तुमच्या वयाला तिथला कायमचा आरोग्य विमा मिळवणं हा मोठा अडसर असतो, आणि त्याचा खर्च सगळा तुमच्या घरच्यांवर. या वर्षी हा विषय बाळंतपणाच्या अर्जात मिसळू नका. पाहुणी म्हणून जाताना कायमचं राहायचा विचार पत्रात डोकावला तर परतीबद्दलच शंका येईल.

सामानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुठलीही आई रिकाम्या हाती जात नाही म्हणून सांगते. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. घरचं तूप, खवा, पेढे इथेच ठेवा. डिंक, अळीव, खारीक, बदाम, सुंठ, बाळंतशोपा हे कोरडं सामान न्या आणि लाडू तिथे वळा. तिथलं बिनमिठाचं लोणी चांगलं असतं, ते कढवून घरीच तूप निघतं. ओल्या नारळासारखे मोजके अपवाद सोडले तर ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नको, त्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो.

परत आल्यावर दोन्ही वेळचे बोर्डिंग पास जपून ठेवा. नव्या यंत्रणेत पासपोर्टवर शिक्का मिळेलच असं नाही, आणि वेळेत परत आल्याचा तुमच्या हातातला पुरावा तोच असेल. एप्रिल २०२४ पासून भारतातल्या अर्जदारांसाठी युरोपने एक चांगला नियम केला आहे. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. हा तुमचा पहिला व्हिसा. दुसरा नातवंडाच्या पहिल्या वाढदिवसासाठी मागा, तोही असाच खरं कारण लिहून.